दंतवैद्याचं खुराडं

खाद्याच्या पोत्याला खालच्या अंगाला भोक पडलं होतं आणि डॉक्टर परसात उकिडवे बसून ते भोक दात तपासायच्या आरशाने न्याहाळत होते.

"उंदीरच," ते म्हणाले. "काय चावा आहे! वरचे दोन, खालचे दोन, एका रेषेत. माझ्या एकाही पेशंटचा इतका सरळ नाही."

"मग त्याला अपॉइंटमेंट द्या," स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायको म्हणाली, "आणि येताना हात धुऊन या."

डॉक्टर दंतवैद्य होते. दिवसभर लोकांच्या जबड्यात डोकं घालून बसणाऱ्या माणसाला संध्याकाळी जे हवं असतं, ते त्यांना कोंबड्यांमध्ये सापडलं होतं. कोंबडीला दात नसतात. ती "दुखेल का हो?" असं विचारत नाही, आणि रोज दोनदा ब्रश करते अशी धडधडीत थाप मारत नाही. परसातल्या त्या अर्धा डझन बिनदाताच्या जिवांवर डॉक्टरांचा जीव जडला होता. त्यांची म्होरकी तांबडी, अंगाने भरलेली आणि समोरच्याकडे मान वाकडी करून एकाच डोळ्याने बघणारी होती. तिच्या त्या नजरेला नजर देणं कुणालाच जमत नसल्यामुळे तिला सगळे मॅडम म्हणत.

डॉक्टरांनी त्याच दिवशी खाद्य पत्र्याच्या पेटीत भरलं आणि झाकणावर दगड ठेवला. आता उंदीर एक तर उपाशी मरतील किंवा शरमेने दुसरीकडे तोंड काळं करतील, असा त्यांचा होरा होता. उंदरांनी दोन्हीपैकी काहीच केलं नाही. कोंबड्यांची अंडी आणि त्यांनी उधळलेले दाणे यांवर त्यांनी दिवसाची गुजराण चालवली, आणि तोंडाला चव म्हणून ते स्वयंपाकघरात शिरले.

इथे मात्र प्रकरण हाताबाहेर गेलं, कारण डॉक्टरांची बायको ऑर्डरप्रमाणे केक करून देत असे आणि त्या स्वयंपाकघरावर तिचं नाव चालत होतं. एका सकाळी कुणाच्या तरी वाढदिवसाचा किल्ला टेबलावर तयार उभा होता, आणि त्याचा एक बुरूज ढासळलेला होता.

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. "तोच चावा," ते म्हणाले. आवाजात ओळखीचा माणूस भेटल्याचा आनंद नकळत डोकावला आणि तिथेच चुकलं.

"अहो," बायको अगदी हळू म्हणाली. ती ओरडायची तेव्हा घाबरायचं कारण नसे. "गिऱ्हाइकाला हे कळलं तर उद्यापासून माझ्याकडे पाव सुद्धा कुणी मागणार नाही. आता नीट ऐका. ह्या घरात परत एक उंदीर दिसला, एक, तर कोंबड्या माझ्या बहिणीकडे जातील."

"बहिणीकडे? तिला कुठे आवड आहे?"

"तिला नाही. तुमच्या साडूंना आहे. ते कोंबडीवर जीव टाकतात."

साडू कोंबडीवर जीव टाकताना डॉक्टरांनी पाहिलं होतं. हाडसुद्धा शिल्लक राहत नसे. त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. मॅडम एका डोळ्याने त्यांच्याकडेच बघत होती.

त्या क्षणी डॉक्टरांनी कंबर कसली.

सुरुवात सापळ्याने झाली. दुकानातला सगळ्यात दणकट सापळा आणून त्यांनी खुराड्याच्या दाराशी लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या चपलेसकट त्यात पाय दिला. पुढचे काही दिवस डॉक्टर दवाखान्यात लंगडत हिंडले आणि दात काढून घ्यायला आलेले लोक त्यांचीच विचारपूस करून धीर देत राहिले. विषाचा प्रश्नच नव्हता. कोंबडी पुढ्यात पडेल ते चाखून बघते आणि विचार मागाहून करते.

मग शेजारचे फौजदार धावून आले. ते निवृत्त झाले होते, पण मिशा अजून नोकरीत होत्या. "डॉक्टर, गुन्हेगार पकडायला गुन्हेगारच लागतो," असं म्हणून त्यांनी आपला बोका आणून दिला. बोका अंगापिंडाने फौजदारांवरच गेला होता. तो डौलात खुराड्यात शिरला. मॅडमने त्याला एका डोळ्याने पाहिलं, मग मान फिरवून दुसऱ्या डोळ्याने पाहिलं, आणि नाकावर एकच टोच दिली. त्यानंतर बोका फौजदारांच्या पलंगाखाली गेला तो जेवायला सुद्धा बाहेर येईना.

"तुमची कोंबडी खात्यात असती तर मी वेळेआधीच निवृत्त झालो असतो," फौजदार म्हणाले. "आता एकच उपाय. नाकेबंदी!"

हा शब्द डॉक्टरांना मनापासून पटला. दाताला भोक पडलं की ते बुजवायचं, हेच तर ते इतकी वर्षं करत आले होते. त्यांनी वेल्डरला बोलावलं. खुराडं विटांवर उभं होतं, वर फळ्यांची जमीन, तिच्याखाली वीतभर पोकळी. रविवारच्या टळटळीत दुपारी डॉक्टर, वेल्डर आणि उंटावरून शेळ्या हाकणारे फौजदार अशा तिघांनी मिळून ती पोकळी चहूबाजूंनी बारीक जाळीने वेढली. जाळी जमिनीत खोल गाडली आणि वरून सिमेंट ओतलं. कोंबड्यांच्या हिंडायच्या जागेला भिंती आणि छत जाळीचंच केलं. दारं दोन, एकापाठोपाठ एक, आणि पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचंच नाही. सांध्यांमध्ये जिथे बोट जाईना तिथे डॉक्टरांनी दवाखान्यातलं बारीक हत्यार चालवून सिमेंट भरलं.

"आता मुंगीला सुद्धा चिठ्ठी घेऊन यावं लागेल," वेल्डर घाम पुसत म्हणाला.

आणि चमत्कार झाला. स्वयंपाकघरातली खुडखुड थांबली. पिठाच्या डब्यामागे, ओट्याखाली, कुठे म्हणून एक लेंडी सापडेना. बायकोने एका दिवसात तीन मजली केक उभा केला आणि तो सकाळपर्यंत तीन मजलीच राहिला. फौजदार येऊन सांगून गेले, "आमच्याकडचे सुद्धा गेले हो. दहशत बसली." डॉक्टरांनी चेहरा साधा ठेवायचा खूप प्रयत्न केला, पण छाती ऐकेना.

फक्त एक खटकत होतं. अंडी मिळत नव्हती.

पेटीतून खाद्य काढून भांड्यात ठेवावं, तर सकाळी भांडं चाटूनपुसून लख्ख. अंड्यांच्या जागी टरफलं. कोंबड्या आत झोपायचं सोडून जाळीतल्या अंगणात एका काठीवर दाटीवाटीने बसून राहत. घरमालकाशी भांडण झालेल्या भाडेकरणींसारख्या. डॉक्टर आरसा आणि बॅटरी घेऊन जाळीचा इंच न् इंच बाहेरून तपासत. कुठेही भोक नाही. जितकं भोक सापडेना तितका त्यांचा हट्ट वाढत गेला. एका बाजूला घरात "बंदोबस्त एकदम पक्का!" म्हणायचं आणि दुसऱ्या बाजूला रोज पोटावर सरपटत भोक शोधायचं, असा दुहेरी संसार सुरू झाला.

शेवटी त्यांनी शास्त्राला साकडं घातलं. खुराड्यात पीठ भुरभुरलं आणि सकाळी त्यावर उमटलेल्या पावलांचे, कवळीचे घेतात तसे, प्लास्टरचे साचे घेतले.

"अहो, माझ्या केकच्या जाळीवर हे काय वाळत घातलंय?" बायकोने विचारलं.

"पेशंटचे साचे आहेत."

बायकोने एक साचा उचलून उजेडात धरला, खालीवर केला आणि परत ठेवला. "लहान तोंडाचे दिसतात पेशंट," एवढंच ती म्हणाली आणि लोणी फेटायला लागली.

साच्यांवरून काही निष्पन्न झालं नाही. निष्पन्न झालं ते दवाखान्यात, आणि तेही फौजदारांच्या तोंडातून.

फौजदारांची दाढ ठणकत होती. दुसऱ्या कुणाकडून तरी त्यांनी ती पूर्वी भरून घेतली होती. खुर्चीत आ वासून पडलेल्या फौजदारांच्या दाढेवरचं सिमेंट डॉक्टरांनी खरवडून काढलं, आत आरसा घातला आणि त्यांचा पारा चढला.

"कुणी भरली ही? कसाई आहे की डॉक्टर? अहो, पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं! आधी आतली कीड काढायची, मग वरून भरायचं. ह्या शहाण्याने कीड आत ठेवली आणि वरून सिमेंट थापलं! म्हणजे झालं काय? बाहेरून सगळं झकास. आणि कीड आत सुखात! ना तिला ब्रशची भीती, ना पाण्याची. उलट आपणच तिला चारी बाजूंनी संरक्षण दि..."

डॉक्टरांचं वाक्य तिथेच अडकलं. आरसा हवेत राहिला.

रविवारची दुपार. टळटळीत दुपार. दुपारी उंदीर काय करतात? झोपतात. कुठे झोपतात? खाद्याच्या सगळ्यात जवळ, फळ्यांखालच्या गार पोकळीत.

"आँ?" फौजदारांनी विचारलं.

"फौजदारसाहेब," डॉक्टर पडलेल्या आवाजात म्हणाले, "तुमच्याकडचे उंदीर कुठे गेले ते मला कळलं."

उपाय उघड होता. चुकीची भरलेली दाढ पुन्हा उघडायची, साफ करायची आणि पुन्हा भरायची. पण खुराडं उघडलं की आतली सगळी जमात बाहेर पडणार, आणि परसातून बाहेर पडायचा सगळ्यात जवळचा रस्ता स्वयंपाकघरातून जात होता. एक उंदीर दिसला की मॅडमची रवानगी साडूंच्या ताटात. आणि न उघडावं, तर बिचाऱ्या कोंबड्या काठीवर उपाशी झुरणार. डॉक्टरांनी दोन दिवस विचार केला. तेवढ्यात दोन रुग्णांचे भलतेच दात हातात यायची वेळ आली, तेव्हा त्यांनी निर्धार केला. आपल्या हातून झालेलं काम आपणच निस्तरायचं. मात्र बायको घरात नसताना.

पुढच्या रविवारी ती केक पोचवायला बाहेर पडली आणि मागच्या बाजूने वेल्डर आत आला. स्वयंपाकघराचं दार लावून त्याच्या फटीत डॉक्टरांनी आपले दोन्ही टॉवेल कोंबले. फौजदार बोक्याला काखेत धरून उभे राहिले. बोक्याने मॅडमला पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. वेल्डरने जाळी कापायचं यंत्र सुरू करायला हात उचलला.

"हात लावाल तर याद राखा!"

परसाच्या फाटकात बायको उभी होती. केकवरच्या मेणबत्त्या घरीच राहिल्या होत्या म्हणून ती परत आली होती आणि त्या पिशवीत टाकून निघताना तिला परसातले आवाज ऐकू आले होते. ती तरातरा आली आणि थेट खुराड्यासमोर हात पसरून उभी राहिली.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "अगं, ऐक," डॉक्टर म्हणाले. "मी तुला फसवलं. उंदीर गेलेले नाहीत. ते सगळे ह्याच्यात आहेत. मी बाहेरून भरलं आणि कीड आत राहिली. तू पाहिजे तर मला बोल, पण मॅडमला..."

"ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"आत उंदीर आहेत ते. तुम्ही पावलांचे साचे घेतलेत ना? सगळी पावलं फळीच्या फटीतून निघून अंड्यांपर्यंत आणि परत फटीत. दाराकडे जाणारं एक नाही, येणारं एक नाही. आमचं येणंजाणंच नाही म्हणणाऱ्या माणसांची असतात तशी."

वेल्डरने यंत्र खाली ठेवलं आणि तो आरामात विटेवर बसला. फुकट काही चांगलं ऐकायला मिळणार असेल तर त्याला घाई नव्हती.

"मग तू मला बोलली का नाहीस?" डॉक्टरांचा आवाज चिरका झाला. "मी पोटावर सरपटून सरपटून शर्ट फाडले!"

"बोलले असते तर तुम्ही हेच केलं असतं. उघडायला निघाला असतात. अहो, लग्न होऊन आले तेव्हापासून ह्या घरात पहिल्यांदा मी लोणी झाकून न ठेवता झोपतेय. शेजारी सुखी, मी सुखी. आणि ते तरी कुठे तक्रार करतात?" तिने आवाज खाली आणला. "सुरुवातीला जरा धडपडत होते, फळ्या कुरतडत होते. मग मी संध्याकाळी केकच्या कडा कापून उरतात ना, त्या दाराशी टाकायला लागले. आता अगदी शांत असतात. परवा चॉकलेटचं टाकलं तर ते मात्र ठेवलं. व्हॅनिलाच लागतो."

डॉक्टर आ वासून बघत राहिले. त्यांच्या तोंडात या वेळी कुणीही आरसा घालू शकलं असतं.

"पण कोंबड्या?" शेवटी त्यांना एवढंच सुचलं. "त्या साडूंकडे..."

"वेडे आहात का? कोंबड्या गेल्या तर खाद्य कुणाच्या नावाने आणायचं? लोक विचारणार नाहीत, रिकाम्या खुराड्यात दाणे कुणाला घालता म्हणून? मॅडम इथून हलायची नाही." तिने पिशवीतल्या मेणबत्त्या चाचपल्या, घड्याळात बघितलं आणि वेल्डरकडे वळली. "बरे आलात तुम्ही. त्या कोपऱ्यात माप घ्या. कोंबड्यांना दुसरं खुराडं बांधायचंय. हे भरलंय."

ती फाटकातून निघून गेली. वेल्डरने टेप काढली आणि कोपऱ्याकडे जाता जाता डॉक्टरांना विचारलं, "साहेब, नव्याला पण तशीच जाळी मारायची?"

जुन्या खुराड्याच्या सिमेंटला एका जागी बारीकशी चीर गेलेली डॉक्टरांना दिसली होती. त्यांनी खिशातलं हत्यार काढलं, गुडघे टेकले आणि आतला एकही जीव बाहेर पडू नये अशा बेताने, जीव ओतून ती चीर बुजवायला घेतली.