साडूंचा बंगला

महूला प्रतापरावांकडे जेवायला गेलं, की पानं वाढण्याआधी बंगले बघावे लागत. प्रतापराव छडी घेऊन पुढे, मागे चिंतामणराव, आणि बऱ्याच अंतरावर त्यांच्या बायका: चिंतामणरावांची मनोरमा आणि प्रतापरावांची बेबी, या सख्ख्या बहिणी. सरळ रस्ता, दोन्हीकडे झाडं आणि झाडांच्या आड इंग्रजांच्या वेळचे बंगले. कौलं, रुंद व्हरांडे आणि आत घोडागाडी वळेल एवढं अंगण. यातल्या एकाही बंगल्याची वीट कुणी हलवलेली नाही, हे प्रतापराव दर रविवारी सांगत.

"हा बघा. इथे एक कर्नल राहायचा. त्याच्या दिवाणखान्यात अजून वाघाची मुंडकी आहेत, चिंतामणराव!"

"तुम्ही पाहिलीत?"

"अरे भिया, सगळ्यांना माहीतच आहे ना!"

चिंतामणरावांच्या पोटात दुखू लागलं. हे दुखणं दीड वर्षाचं होतं. इंदूरची मिल बंद पडली, तेव्हा ते तिथे हेडक्लार्क होते. नेमक्या त्याच महिन्यात प्रतापरावांना एका नव्या विदेशी कोल्ड्रिंकची एजन्सी मिळाली. पेपरवाले याला उदारीकरण म्हणत. मोठे साडू चिंतामणराव, पण सासुरवाडीला पहिला पाट आता धाकट्याला मिळे. शिवाय याच रस्त्यावर प्रतापरावांचा आजोबांपासून चालत आलेला बंगला होता. चिंतामणराव इंदुरात मल्हारगंजातल्या दोन खोल्यांत राहत. तो बंगला आपल्याला मिळावा असं त्यांना मुळीच वाटत नसे. तो प्रतापरावांचा नसावा, एवढीच त्यांची माफक इच्छा होती.

परतताना प्रतापरावांना एक रिटायर्ड ब्रिगेडियर भेटले आणि गप्पा रंगल्या. बहिणी मागे कुठल्याशा कुंपणातली फुलं बघत राहिल्या. चिंतामणराव एकटेच पुढे आले, प्रतापरावांच्या व्हरांड्यातल्या लांब हातांच्या खुर्चीत बसले आणि तिच्या हातांवर पाय पसरले. खुर्ची खरोखरच आरामाची निघाली, याचाही त्यांना राग आला.

तेवढ्यात फाटकातून दोन माणसं आत आली. एकाकडे कॅमेरा, दुसऱ्याकडे रजिस्टर आणि मोजायची टेप.

"नमस्ते साहब. बंगला आपका ही है?"

मिल बंद झाल्यापासून त्यांना कुणी साहब म्हटलं नव्हतं. आता खुर्चीतून उठून 'नाही हो, साडूंचा' म्हणणं त्यांच्या अगदी जिवावर आलं.

"जी. अपना ही है."

"पुराने बंगलों का सर्वे चल रहा है, इतवार को भी. देख लें?"

पेपरात फोटो येणार, अशी चिंतामणरावांनी खूणगाठ बांधली आणि त्यांनी दोघांना बंगलाभर फिरवलं. दर रविवारी ऐकून ऐकून सगळं पाठ होतंच. मागच्या अंगणात सिमेंटच्या पत्र्यांची एक लांबलचक शेड होती आणि तिच्यात कोल्ड्रिंकचे क्रेट छतापर्यंत रचलेले होते.

"ये शेड कब बना?"

"पिछले साल. मैंने खुद खड़े रहकर बनवाया."

"मंजूरी?"

"अरे, घर अपना, जगह अपनी, मंजूरी किसकी?" हे वाक्य प्रतापरावांचं होतं. चिंतामणरावांनी ते त्यांच्यासारखेच हात उडवून म्हटलं.

रजिस्टरवाल्याने ते लिहून घेतलं, वर नावही विचारून घेतलं. एवढ्यात प्रतापराव बायकांना घेऊन मागच्या अंगणात आले आणि टेप बघून जागच्या जागी थबकले.

"ये कौन?"

"हमारे साढू," चिंतामणराव म्हणाले. आता माघार घ्यायला जागाच नव्हती. "इंदौर से आए हैं. मिल बंद हो गई बेचारे की."

"अहो!" बेबी ओरडली. प्रतापरावांनी तिचं मनगट घट्ट धरलं आणि मग दोन्ही हात जोडले.

"जी. बस, खाना खाकर निकल जाऊँगा."

इतका नम्र साडू चिंतामणरावांनी पंधरा वर्षांत पाहिला नव्हता. त्याच आनंदात त्यांनी रजिस्टरवाल्याने पुढे केलेल्या कागदावर झोकात सही ठोकली. माणसं गेल्यावर त्यांनी तो वाचला. विनापरवानगी बांधलेली शेड पंधरा दिवसांत का पाडू नये, याची ती कॅन्टोन्मेंट बोर्डाची नोटीस होती, आणि ती श्री. चिंतामण यांना बजावलेली होती.

जेवणं झाली, पण ती कशीबशीच.

"बेबीच्या दारात बसून बेबीचंच घर आपलं सांगितलंत?" मनोरमा म्हणाली. "मला मेल्याहून मेल्यासारखं झालं हो."

"राहू द्या ताई," प्रतापराव श्रीखंड वाढून घेत म्हणाले. "सही त्यांची आहे, तर पेशीलाही तेच जातील. आमचं तर नावच नाही कुठे!"

चिंतामणरावांना मनापासून लाज वाटत होती. ती वाटत असतानाही प्रतापरावांची वाटी तिसऱ्यांदा भरली, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

परतीच्या बसमध्ये त्यांनी नोटीस पुन्हा उघडली आणि दीड वर्षात प्रथमच त्यांना बरं वाटलं. मिलमध्ये बावीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं? रोज नोटिसा लिहिल्या होत्या, आणि युनियनवाल्यांनी त्यांतल्या चुका काढून त्या परत आणून दिल्या होत्या. इथे जावक क्रमांक नव्हता. शेडचं माप नव्हतं. सुनावणीची तारीख रविवारची होती. त्यांनी घरी पोचताच उत्तर लिहायला घेतलं. सगळ्यात जोरदार मुद्दा लिहिताना मात्र पेन अडलं. शेवटी दात ओठ खात त्यांनी लिहिलं, 'नोटिशीवर सही करणारा इसम बंगल्याचा मालक नसून मालकाचा साडू आहे.'

नोटीस मागे घेण्यात आली. नवी निघेपर्यंत प्रतापरावांनी शेड उतरवून क्रेट बाजारात हलवले आणि 'चिंतामणरावांनी घातलेला घोळ मीच निस्तरला' असं सासुरवाडीला कळवून टाकलं.

पण नोटिसा त्या रस्त्यावर आणखी अकरा बंगल्यांना निघाल्या होत्या, आणि एक नोटीस मागे गेल्याची बातमी तिथे पोचायला वेळ लागला नाही. कुणाचं गॅरेज, कुणाचं न्हाणीघर, कुणाचा गोठा. एके सकाळी ब्रिगेडियरांची जीप मल्हारगंजाच्या गल्लीत अडकली आणि ते स्वतः उतरून "वो नोटिसवाले बाबूजी कहाँ रहते हैं?" असं विचारत दारात आले. महिनाभरात अकराही बंगल्यांची कागदपत्रं चिंतामणरावांच्या पिशवीत होती.

त्यानंतरच्या रविवारी चौघंही फिरायला निघाले. प्रतापरावांनी छडी उचलून पहिला बंगला दाखवायला सुरुवात केली, तोच फाटक उघडलं.

"चिंतामणजी! आइए, चाय तैयार है. भाभीजी, आप दोनों भी आइए." घरमालकीणबाईंची नजर मग प्रतापरावांकडे वळली. दर रविवारी फाटकाबाहेरून छडी दाखवणारा हा माणूस त्यांना फक्त चेहऱ्याने ठाऊक होता. "और ये?"

"हमारे साढू," चिंतामणराव म्हणाले. या वेळी पुढे खोटं काही जोडावं लागलं नाही.

"इनको भी लाइए ना!"

"नको," प्रतापराव पडलेल्या आवाजात म्हणाले. "मला... मला चहा चालत नाही आजकाल. तुम्ही या, मी आहे इथेच."

बेबी ताईच्या मागोमाग केव्हाच आत गेली होती. दिवाणखान्यात चहा आला, नानकटाया आल्या. खिडकीतून रस्ता दिसत होता. कुंपणाबाहेर प्रतापराव इकडून तिकडे फेऱ्या मारत होते आणि दर फेरीला मान उंचावून आत बघत होते. चिंतामणरावांना त्यांची कीव आली. प्रतापरावांची कीव त्यांना आयुष्यात कधी आली नव्हती, आणि ती इतकी छान वाटेल याची त्यांना कल्पनाच नव्हती.

"निघायचं का?" मनोरमाने हळूच विचारलं. "भावजी उभे आहेत बाहेर."

"थांब गं," चिंतामणराव म्हणाले आणि त्यांनी आणखी एक नानकटाई उचलली.