विल्फच्या मीटरची तार

ग्रिम्सबी बंदरात रेडिओचा मीटर दुरुस्त करावा तर मीच! हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

म्हणूनच शेजारची एनिड तिच्या दिवंगत नवऱ्याचा मीटर माझ्याकडे घेऊन आली. विल्फ मासेमारी जहाजावर रेडिओ सांभाळायचा. रविवारी आमचा रेडिओ क्लब हा मीटर लावून त्याचा घरचा जुना ट्रान्समीटर चर्चच्या हॉलमध्ये सुरू करणार होता.

"सेड्रिक, विल्फ घरून संदेश पाठवायचा तेव्हा मी हा काटा बघत बसायचे," एनिड म्हणाली. "एकदा हललेला दिसू दे, बास."

"अगं, चुटकीसरशी!"

या मीटरमध्ये केसाएवढी तार असते. एरियलकडे जाणाऱ्या करंटने ती तापते आणि तिच्या उष्णतेवर काटा चालतो. काटा सुरुवातीला जागचा हलत नाही, म्हणून धीर धरायचा, घाई केली की तार जळते. क्लबातल्या नवशिक्यांना हे मी वीस वर्षं बजावतोय!

मी बारीकसा करंट सोडला. काटा ढिम्म!

"अडकलाय," मी म्हणालो.

"की तुम्हीच अडकलाय?" बायको मॉड चहा ओतत म्हणाली. "थांबा जरा!"

मी बटण पिरगाळलं. काटा ताडकन टोकाला गेला आणि मेल्यासारखा शून्यावर पडला. तार गेली! त्या बाईचा नवरा मी दुसऱ्यांदा मारला होता.

"सांगून टाका तिला," मॉड म्हणाली.

"वेडी आहेस का!"

माझ्याकडे त्याच जातीचा एक कोरा मीटर होता, अकरा वर्षं डबीत जपलेला. श्वास रोखून मी त्याची तार काढली आणि विल्फच्या मीटरमध्ये बसवली. यावेळी करंट इतका हळू वाढवला, की मॉडने मधे दोनदा चहा केला.

रविवारी एनिडने विल्फची मोर्सची चावी दाबली. काटा सावकाश वर चढला. तिने हात तोंडावर धरला आणि खूप वेळ तशीच बघत राहिली. मला राहवेना. बाहेर आल्यावर मी सगळं कबूल केलं.

"एनिड, आतली तार विल्फची नाही गं. त्याची मी जाळली."

ती डोळे पुसता पुसता हसायला लागली. "अरे, ती तरी त्याची कुठे होती? त्याची त्यानं पहिल्याच दिवशी जाळली, अश्शीच घाई करून! तू आणि मॉड सुट्टीला व्हिटबीला गेला होतात ना एकसष्ट साली? तुमच्या घराची किल्ली आमच्याकडेच होती. तुझ्या शेल्फावरच्या मीटरमधून चांगली तार काढली त्यानं, आणि आपली जळकी त्यात बसवली. तुला सांगायचं धाडस शेवटपर्यंत झालं नाही बिचाऱ्याला."

शेल्फावरचा माझा तो मीटर खारी हवा बाधून बंद पडला, असं मी बारा वर्षं क्लबात व्याख्यान देत होतो!