जोगदंड सर आणि दाराशेजारचं टेबल

"आज कशाचा दिन हाय बे?"

"साबन ठिवलाय. आंघोळीचा असंल."

दोन मुलं ग्रंथालयाच्या दारातून डोकावून कुजबुजत होती. ग्रंथपाल जोगदंड सरांनी आतूनच उत्तर दिलं, "जागतिक शौचालय दिन. या की आत. साबन तिथंच ऱ्हाऊ द्या, पुस्तक न्या."

परळीजवळच्या आमच्या कॉलेजात सर एकही दिन सोडत नसत. दाराशेजारी एक टेबल, त्यावर त्या विषयाची पाच-सहा पुस्तकं आणि एखादी वस्तू. मृदा दिनाला परातभर काळी माती. डास दिनाला मलेरियावरचं पुस्तक आणि शेजारी पेटलेली कॉइल. प्राचार्यांना अहवालापुरता फोटो हवा असायचा, म्हणून ते वर्गच्या वर्ग पाठवायचे. सर मात्र प्रत्येकाला आधी पुस्तक उघडायला लावत. "उलटं धरलंय, बाळा. फोटोत कळतंय."

कुणीही काहीही ठामपणे बोललं की सर विचारत, "पान नंबर?" हल्लीची पोरं वाचतच नाहीत, असं प्राचार्य भर बैठकीत म्हणाले, तेव्हाही त्यांनी तेच विचारलं. त्यानंतर बैठकीत सरांची खुर्ची मागच्या रांगेत गेली.

मी इंग्रजी शाळेत शिकले. चुकायची धास्ती असल्यामुळे इंग्रजीत कमी बोलते आणि मराठीत त्याहून कमी. लोक त्याला गर्व समजतात. मी समजू देते. औष्णिक वीज केंद्राच्या राखेचा आसपासच्या विहिरींवर काय परिणाम झाला, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. तीच राख वाचनकक्षात रोज माझ्या लॅपटॉपवर बसायची आणि सर न बोलता जुन्या बनियनने टेबल पुसून जायचे.

"कम्प्युटरात जगाचं सापडंल, ताई," एकदा पुसता पुसता ते म्हणाले. "आपल्या हिरींचं कपाटात असतंय."

मी नुसती मान हलवली. मनात म्हटलं, ह्यांना काय कळतंय.

आठवड्याभरात त्यांनी माझ्यापुढे भूजलाचे जुने अहवाल आणून ठेवले. कुणा विद्यार्थ्याचा टंकलिखित प्रबंधही होता. केंद्र व्हायच्या आधीच्या पाण्याच्या नोंदी मात्र कुठेच मिळत नव्हत्या, आणि त्यांच्याशिवाय माझा प्रबंध लंगडा होता. त्या नोंदी कडा गावातल्या एका निवृत्त प्राध्यापकांच्या घरी आहेत, हे सरांनीच शोधून काढलं. एका रविवारी ते एसटीने जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन आले. सोमवारी माझ्यासमोर दोरीने बांधलेली फाईल होती.

"कड्याला गेलतो. चहा लई गोड देतेत तिथं," एवढंच ते बोलले.

मी हळूच 'थँक यू' म्हटलं. त्यांना ते ऐकू गेलं की नाही, कुणास ठाऊक.

प्रबंध पुरा झाला. चार प्रती विद्यापीठात गेल्या. पाचवी द्यायला मी ग्रंथालयात गेले, तर दाराशेजारचं टेबल रिकामं.

"सर, आज तर ग्रंथपाल दिन," शिपाई शिंदेमामा म्हणत होते. "टेबल कावून न्हाई?"

"आपलाच दिन आपनच मांडावा का, मामा? बरं दिसत न्हाई."

"मग कोन मांडनार?"

सर माझ्याकडे वळले. माझी प्रत त्यांनी दोन्ही हातांनी घेतली आणि आधी ऋणनिर्देश उघडला. प्रत्येक प्रबंधाचं ते हेच पान पहिल्यांदा वाचत. बहुतेकांनी 'ग्रंथालय कर्मचारी' लिहून सोडून दिलेलं असायचं, तरी सर खूश होत. "कर्मचारी म्हंजे मी आन् तुमी," असं मामांना सांगत.

त्यांचं बोट इंग्रजी ओळींवरून सावकाश सरकत गेलं आणि एका ठिकाणी थांबलं.

तो मजकूर माझा नव्हताच. दुसऱ्या कॉलेजातल्या एका सीनियरच्या प्रबंधातून मी तो जसाच्या तसा घेतला होता. मार्गदर्शकांचं नाव बदललं, आईबाबांची नावं बदलली. ग्रंथपालांचं राहून गेलं.

"कुलथे साहेब," सरांनी वाचलं. "न थकता मदत केली, म्हनं." मग खरंच कौतुकाने म्हणाले, "चांगला मानूस भेटला तुमाला, ताई. असे मिळत न्हाईत."

शिक्का शाईत बुडवून ते प्रतीचं पहिलं पान शोधू लागले. चार प्रती केव्हाच निघून गेल्या होत्या. आता काही बदलणार नव्हतं. मी गप्प राहिले असते तर त्यांनी काही विचारलंही नसतं.

"सर," मी म्हटलं. आवाज इतका मोठा निघाला की वाचनकक्षातल्या मुलांनी माना वर केल्या. "ह्या कुलथे साहेबांना मी कधी बघितलेलं नाही. ते पान मी दुसऱ्याचं उतरवलं. कड्याला तुम्ही गेला होतात."