चिमी झोपेपर्यंत दीडशे

मुरारीला मुलगी झाली आणि त्याचा व्यायाम बुडाला, याबद्दल दासगावात दुमत नव्हतं. रोज पहाटे सावित्रीच्या काठाने धावणारा हा चढाईचा गडी चार महिने मैदानाकडे फिरकला नव्हता. पोलादपूरच्या कबड्डी स्पर्धा तोंडावर आलेल्या, आणि सलग तीन वर्षं अंतिम सामन्यात नाक कापलं गेलेलं. कर्णधार मालोजी तणतणत त्याच्या घरी गेला.

मुरारी पडवीत चिमीला छातीशी धरून बैठका मारत होता आणि एका दमात कबड्डी-कबड्डी घुमवत होता. पाळणा, अंगाई, दृष्ट काढणं, सगळं करून झालं होतं. पोर याशिवाय डोळाच मिटत नव्हती. मालोजीने कपाळाला हात लावला. हा व्यायाम नव्हे, दाईचं काम आहे, असं सुनावून तो म्हणाला, "पोर मैदानाजवळ दिसली, तर तू संघात नाय."

पण मुरारीच्या बायकोचं, सुंदराचं, माहेरच पोलादपूर. ती कसली घरी बसते? अंतिम सामन्याला ती चिमीला घेऊन पहिल्या रांगेत हजर होती.

शेवटची चढाई उरली तेव्हा पोलादपूर एका गुणाने पुढे होतं. मुरारी दम घेऊन आत घुसला आणि नेमकी चिमी कडाडली. मुरारीचे गुडघे आपोआप वाकले. त्याच क्षणी पोलादपूरच्या जानूने त्याच्या कमरेवर झेप घेतली. पण कंबर जागेवर होतीच कुठे? जानू त्याच्या खांद्याला घासून वरून गेला आणि आपल्याच गड्यावर आपटला. बैठकीतून वर येताना मुरारीचा हात त्या गड्यालाही लागला. दोघे बाद! आता नुसतं परत यायचं होतं.

मुरारी येईना. चिमी रडत होती, तोवर त्याची बैठक थांबणं शक्य नव्हतं. दोन, तीन, चार... त्याही एकाच दमात! उरलेले गडी थक्क होऊन बघत राहिले.

"अरे, माघारी ये रे!" मालोजीचा घसा बसला.

सातव्या बैठकीला चिमी गप्प झाली. मुरारी सुटला आणि रेषेपार येऊन कोसळला. दासगाव एका गुणाने जिंकलं! गावकऱ्यांनी आनंदाने आरोळी ठोकली, तर मुरारीने पडल्यापडल्याच ओठांवर बोट ठेवलं.

जानू लंगडत त्याच्याजवळ येऊन बसला. इकडेतिकडे बघत त्याने हळूच विचारलं, "पोर कितीत निजतं रे?"

"दीडशे बैठकांत. मधी थांबायचं नाय."

जानूने सुस्कारा सोडला.

"आनि जुळी असली तर?"