भरती तीन वीसला

“माझ्या नजरेतून आजवर फक्त दोन गोष्टी निसटल्या,” सूक्ष्मदर्शी म्हणाला, “आणि त्या इतक्या क्षुल्लक होत्या की कोणत्या, ते मला आठवतही नाही.”

लॉजच्या मालकीणबाईंनी विचारलं होतं इतकंच, की खोली समुद्राच्या बाजूची देऊ की रस्त्याच्या. त्यावर हा गृहस्थ पाठीवरचं बोचकं न उतरवता पाच मिनिटं स्वतःबद्दल बोलला. गुन्हेगार त्याच्या नुसत्या खोकण्याने चळाचळा कापतात. खोटी सही तो वासावरून ओळखतो. मागे उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला हे भाषण तोंडपाठ होतं. तिने समुद्राच्या बाजूची किल्ली उचलली आणि ती जिना चढू लागली.

खरं सांगायचं तर सूक्ष्मदर्शी नोकरभरतीच्या कार्यालयात अर्ज तपासायचा. एका उमेदवाराने अर्जावर स्वतःऐवजी दुसऱ्याचाच फोटो चिकटवला होता, तो याने पकडला आणि त्या दिवसापासून स्वतःला ही पदवी बहाल केली. अर्ज बाईचा होता आणि फोटोला मिशा होत्या, हा तपशील तो सहसा गाळत असे.

ही सहल मात्र बायकोची होती. चाळिशी ओलांडल्यावर ती पोहायला शिकली. आठ महिने रोज सकाळी नगरपालिकेच्या तलावावर गेली. पहिला दीड महिना तर गळ्यापर्यंत पाण्यात नुसती उभी होती, आणि लहान पोरं तिच्याभोवती खांब समजून शिवाशिवी खेळत. पण शिकली. एकदा तरी समुद्रात पोहायचं, एवढीच तिची इच्छा होती. दोघांनीही समुद्र तोवर फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. म्हणून पाठीवर दोन बोचकी, गावातलं सगळ्यात स्वस्त लॉज आणि हातात जेमतेम चार दिवस. बाथरूम वरच्या मजल्यावरच्या पाहुण्याबरोबर वाटून घ्यायचं होतं. तो पाहुणा दातांचा डॉक्टर होता.

पहिल्या दिवशी दुपारी बायकोने पोहण्याचा कोरा निळा पोशाख रंग जातो का पाहायला एकदा धुतला, लॉजमागच्या बुटक्या भिंतीवर वाळत टाकला आणि प्रवासाच्या शिणाने जरा पडली. चारला उठून पाहते तर पोशाख नाही.

“चोरी,” सूक्ष्मदर्शी म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर लग्नातही नव्हता इतका आनंद होता.

बाजारातल्या दुकानात पोहण्याचे पोशाख होते, पण सहा वर्षांच्या मुलीच्या मापाचे. साध्या कपड्यांत पाण्यात उतरायचं नाही, ते जड होतात, असं तलावावरच्या सरांनी तिला बजावलं होतं. शिवाय नवऱ्याने सगळा किनारा घटनास्थळ म्हणून जाहीर केला. वाळूत पाऊल टाकायचं नाही, ठसे बिघडतात.

“अहो, समुद्र बघायला आलोय आपण.”

“बघ ना. खिडकीतून बघ.”

ती बघत बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिने खिडकीतल्या धुळीवर ढकललं.

दुसऱ्या दिवशी संशय डॉक्टरवर होता, कारण जिन्यात त्याने निळा रंग छान असतो असं म्हटलं होतं. सूक्ष्मदर्शीने त्याला बाथरूमच्या दारात गाठलं. डॉक्टर दात घासत होता. “तुमचं ते निळं...” असं काहीतरी तो बोलू लागला, तर याने हात वर केला. “तोंड उघडू नका. जे बोलाल ते तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल.” ज्याने जन्मभर लोकांना तोंड उघडायला सांगितलं, तो बिचारा फेसासकट तोंड मिटून निघून गेला. पुढेही जेव्हा जेव्हा त्याने तोंड उघडलं, तेव्हा हेच झालं.

खरा दुवा त्याच दुपारी मिळाला. सूक्ष्मदर्शी धापा टाकत खोलीत आला, दार लावून घेतलं आणि कुजबुजला, “इथे भरती चालू आहे.”

“कसली?”

“ते गुप्त आहे. पण आज तीन वीसला आहे. स्वयंपाकघराच्या मागच्या दारावर खडूने पाटीवर लिहिलंय. खाली कामाचं स्वरूपही दिलंय. ‘सामान उचला.’ कळलं? उचल्यांची टोळी आहे. माणसं भरतायत.”

बायकोला काहीतरी खटकलं. पण भरती हा शब्द तिच्या घरात सकाळ-संध्याकाळ चहाबरोबर येत असे. लिपिकांची भरती, शिपायांची भरती, रद्द झालेली भरती. वीस वर्षांत त्या शब्दाला दुसरा अर्थ असायला सवडच मिळाली नव्हती. शिवाय पाटी काही तिने पाहिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी पाटीवर चार दहा होते. “रोज पन्नास मिनिटं पुढे सरकवतात,” सूक्ष्मदर्शी म्हणाला. “पोलिसांना चकवायला. डोकं आहे हां कुणाचंतरी.” मग त्याने मालकीणबाईंची जबानी घेतली आणि ती सुवाच्य अक्षरात उतरवून काढायला बायकोपुढे टाकली. ती अशी होती:

“भरती नेहमी असते का?”

“दिवसातून दोनदा.”

“दोनदा? एवढी माणसं कुठून मिळतात?”

“माणसं कशाला लागतात? ती आपली आपण होते.”

“आणि वेळ कोण ठरवतं? तुम्ही?”

“माझ्या हातात काय आहे? ते सगळं वरून ठरतं.”

“वरून” या शब्दाखाली तीन रेघा होत्या. मालकीणबाईंनी तेव्हा आभाळाकडे बोट दाखवलं होतं. सूक्ष्मदर्शीच्या हिशेबाने मात्र आभाळाच्या आधी वरचा मजला लागत होता.

“दाताचा डॉक्टर,” तो म्हणाला. “टोळीचा म्होरक्या. मला पहिल्यापासून वाटत होतं.”

“तुम्हाला पहिल्यापासून सगळंच वाटत असतं,” बायको म्हणाली आणि लिहीत राहिली. ती चिडली होती. उद्याचा दिवस शेवटचा होता. परवा उजाडताना परतीची बस, आणि समुद्राने अजून तिच्या पायाची करंगळीही भिजवली नव्हती.

चौथ्या दिवशी भरती पाचला होती. टोळीत शिरून तिचा पर्दाफाश करायचा, असं सूक्ष्मदर्शीने ठरवलं. सवयीने त्याने रीतसर अर्ज लिहिला, वर फोटो चिकटवला. ‘पूर्वानुभव’पुढे ‘नाही, परंतु शिकण्याची तयारी आहे’ असं लिहिलं. मग अडीचलाच कोरड्या वाळूतून चालत जाऊन तो किनाऱ्यापासून आत असलेल्या एका मोठ्या खडकावर भरतीची वाट पाहत बसला. ती येईल याबद्दल त्याला शंका नव्हती.

पावणेपाचला बायको स्वयंपाकघराशी पिण्याचं पाणी भरून घ्यायला गेली. मालकीणबाई मागच्या दारातून बाहेर पाहत होत्या.

“तुमचे मिस्टर तिथे काय करतायत? भरती चढतेय की.”

बायकोने पाटी पाहिली. मग पाणी पाहिलं. सकाळी जिथे वाळू होती, तिथे लाटा बुटक्या भिंतीवर थापा मारत होत्या आणि खडकावर तिचा नवरा फाइल छातीशी धरून उभा होता. बाटली हातातून सुटली. ती धावली.

“हालू नकोस,” तो तिकडून ओरडला. “मला घेरलंय.”

“पाण्याने घेरलंय तुम्हाला.”

तलावावरचे सर तिला आठवलेच नाहीत. होती तशी, सलवार-कुर्त्यात, ती पाण्यात शिरली. पाय सुटले. पहिली लाट तोंडात गेली तेव्हा ती घाबरली, चांगलीच घाबरली. पण हात आपोआप चालत राहिले आणि पाण्याने तिला उचलून धरलं. तलावातल्या पाण्याने असं कधी केलं नव्हतं. तिला त्या अवस्थेतही हसू आलं.

खडकाशी पोचून तिने हात पुढे केला. “उतरा.”

“अर्ज भिजेल.”

तेवढ्यात एक लाट आली आणि अर्ज, अर्जदार दोघेही पाण्यात आले. सूक्ष्मदर्शीने डोळे मिटून दोनदा “संपलं” म्हटलं. मग त्याचे पाय वाळूला लागले. तो उभा राहिला. पाणी त्याच्या छातीपर्यंत होतं.

भिंतीशी आता मालकीणबाई आणि वरून धावत आलेला डॉक्टर उभे होते. भरती म्हणजे समुद्र चढतो ती, त्याआधी पाहुण्यांनी भिंतीवरचं सामान उचलावं म्हणून पाटी लिहितात, हे मालकीणबाईंनी लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं.

“आणि तुमचा निळा पोशाख पहिल्याच दिवशी वाहून पायऱ्यांना अडकला होता,” डॉक्टर घाईघाईने म्हणाला, कोणी गप्प करायच्या आत. “मी वर गच्चीत दोरीवर टाकलाय. चार दिवस सांगतोय.”

तो पोशाख आणायला गेला. मालकीणबाई पंचे आणायला गेल्या. दोघं पाण्यातच राहिली. उजेड अजून तासभर होता.

“तुझे चार दिवस खाल्ले मी,” सूक्ष्मदर्शी म्हणाला. ओला झाल्यावर तो बराच लहान दिसत होता.

“हो, खाल्लेत.” ती हे सहज सोडणार नव्हती.

“तू पोह. मी इथे उभा राहतो.”

“उभं राहून काय करणार? आडवे व्हा. पाठीवर.” तिने त्याच्या पाठीखाली हात दिला.

“आता काय करू?”

“काही करू नका.”

“म्हणजे नेमकं काय करू?”

“डोकं रिकामं सोडा. जमेल तुम्हाला.”

त्याचे कान पाण्याखाली गेले. आता याला ऐकू येणार नाही, या भरवशावर तिने मनातलं बोलून टाकलं. “आठ महिने शिकले ते तुम्हाला दाखवायला. तुम्ही काठावर उभं राहून बघाल, एवढंच डोक्यात होतं. आणि तुम्ही बसलात वाळूतले ठसे मोजत.”

तो डोळे मिटून होता. तसाच म्हणाला, “बघितलं ना. खडकावरून. बावीस हात मारलेस तू. नवव्याला पाणी गिळलंस. अकराव्याला हसलीस.”

तिने काही मोजलं नव्हतं. पण हसली होती, ते तिला माहीत होतं, आणि ते नेमकं कुठे, हेही.

तिने त्याच्या पाठीखालचा हात हळूच काढून घेतला. तो तरंगत राहिला. मग ती वळली आणि खोल पाण्याकडे पोहत निघाली, मुद्दाम सावकाश, नीट दिसावं म्हणून.