आठशे अंशांचं ग्रॅफाइट

"डबीला सील लावा, मॅडम. घर म्हणजे प्रयोगशाळा नव्हे," असं भट्टीवाल्या काकांनी तिला बजावलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं. काळी भुकटी चोरायला घरी कोण टपून बसलंय?

भुकटी मात्र साधी नव्हती. लाकडाचा कोळसा आठशे अंशांवर तापवून, आधी आम्लात आणि मग पाण्यात एकवीस दिवस धुऊन तिने तो शुद्ध केला होता. त्याची रचना तपासणारं क्ष-किरणांचं यंत्र दुसऱ्या संस्थेत, तिच्या घराजवळ. सकाळची पहिली वेळ मिळाली, म्हणून डबी एका मुक्कामाला घरी आली.

आलेख हातात पडला तेव्हा तिच्या सरांनी चष्मा दोनदा पुसला. अशा कोळशात कार्बनचे थर विस्कटलेले असतात. आलेखात नुसता पसरट उंचवटा दिसायला हवा. इथे तर सुईसारखं शिखर. म्हणजे ग्रॅफाइट, आणि त्याला अडीच हजार अंशांची भट्टी लागते.

"शुक्रवारी समितीपुढे हेच मांड," सर म्हणाले. "तुझी मुदतवाढ पक्की समज."

मुदतवाढ हुकली तर पाच वर्षांचं संशोधन गुंडाळावं लागणार होतं. तरी शिखर पुन्हा दिसल्याशिवाय ती तोंड उघडणार नव्हती. प्रयोगशाळेत उरलेला कोळसा तिने पुन्हा तापवला, पुन्हा तपासला. उंचवटा. तिसऱ्यांदाही उंचवटाच. एकदा आलंय ना, झालं तर, असं सरांचं म्हणणं. तिचं म्हणणं, नाही झालं.

गुरुवारी जेवताना ती तोच पहिला आलेख पुढ्यात घेऊन बसली. शिखराच्या बाजूला एक बारीक टेंगूळ होतं. पदार्थांच्या ठरलेल्या शिखरांच्या तक्त्याशी जुळवलं, तर माती. एवढ्या धुतलेल्या कोळशात माती?

समोर सासरे खाली मान घालून घास चिवडत होते. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या मागे पेन्सिलींचा पेला होता आणि त्यातली एकूण एक पेन्सिल अंगठ्याएवढी झाली होती.

"बाबा, पेन्सिलीच्या शिशात ग्रॅफाइटबरोबर माती असते ना?"

त्यांचा घास ताटात परतला. "छकुलीने डबी पाडली गं. थोडी सांडली, म्हणून शिसं किसून भर घातली. रंग अगदी जुळला होता."

"मला सांगायचं ना."

"मागे तिला एक शिंक आली, तर तू दोनदा दवाखाना गाठलास. काळ्या हातांची पोर दाखवायची माझी छाती झाली नाही. तोंडात काही गेलं नव्हतं, मी बघितलं."

तिने तरीही लेकीची जीभ तपासलीच.

शुक्रवारी तिने समितीला सगळं सांगितलं, पेन्सिलींसकट. स्वतःचाच शोध खोडायला इतकी धडपडणारी बाई समितीने पाहिली नव्हती. मुदतवाढ मिळाली. बाहेर आल्यावर सरांनी हळूच विचारलं, "सासऱ्यांनी भुकटी इतकी एकजीव केली कशी? आपल्या यंत्राला नाही जमत."

छकुलीच्या शिंका मोजणाऱ्या तिला एक गोष्ट मात्र दिसली नव्हती. बाबा चार दिवस घरात धड बोलले नव्हते. म्हणून हल्ली भेटेल त्याला ती सांगते, आणि तुम्हालाही तिचा तोच निरोप आहे: तुमच्या घरात कुणी नेहमीपेक्षा गप्प असेल, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा. डब्या मागाहून तपासा.