विषम नंबरची गाडी

बुधवारी सकाळी सातला मर्ल हॉस्टेटरच्या घरचा फोन वाजला आणि मर्लनं अर्धवट दाढीनिशी धावत जाऊन तो उचलला. गेले तीन आठवडे तो प्रत्येक फोनला असाच धावत होता.

"अध्यक्षांसाठी निरोप घेणारे ना?" पलीकडून एका बाईनं विचारलं.

"नाही हो. मी हॉस्टेटर."

"बरं हॉस्टेटरसाहेब, लिहून घ्या. मी एसी बंद केलाय. पाय बादलीत घालून बसलेय. त्यांना म्हणावं, आम्ही खचलेलो नाही!"

रविवारी अमेरिकेच्या अध्यक्षांनी टीव्हीवर देशाला सांगितलं होतं, की पेट्रोलचा तुटवडा आहेच, पण त्याहून मोठा तुटवडा मनाच्या उभारीचा आहे. मर्लची बायको वर्ना आजचा पेपर घेऊन आली. त्यात चौकट होती: 'अध्यक्षांना सांगा! तुमचा निरोप आम्ही पोचवू.' खाली पेपरच्या कचेरीचा फोन नंबर. फक्त शेवटचा आकडा चुकला होता, आणि चुकून तो हॉस्टेटरांच्या घरचा झाला होता.

"पेपरवाल्यांना कळव की," वर्ना म्हणाली.

"फोन मोकळा सापडू दे आधी!"

"मग रिसीव्हर काढून ठेव."

"आणि लामारनं केला तर?"

लामार त्यांचा एकुलता एक मुलगा. तुटवड्यामुळं आलेल्या सरकारी नियमानं गावातल्या आपल्या पंपावर मर्ल सम तारखेला सम नंबरच्या गाड्यांना पेट्रोल देई, विषम तारखेला विषम नंबरच्या. लामार आला सम तारखेला, विषम नंबरची गाडी घेऊन, शेजारी सहा महिन्यांची गरोदर बायको जोअन. दोन तास रांगेत थांबून पुढं आला, तर बापानं चारचौघांत परत पाठवला. पोरानं बापाला नको ते ऐकवलं आणि गाडी दीड मैल ढकलत नेली. तेव्हापासून बोलणं बंद.

फोन पुन्हा वाजला. एक माणूस चक्क रडत होता. "तळघरात दोन पिंपं पेट्रोल लपवलंय हो. बायकोलाही ठाऊक नाही. उद्या शेजाऱ्यांना वाटून टाकतो."

मग एक कमी ऐकू येणाऱ्या आजीबाई. "खुद्द अध्यक्ष बोलताय का?"

"नाही, आजी!"

"बघा, किती साधा माणूस!"

मर्ल थक्क झाला. हीच माणसं रांगेत त्याला रोज शिव्या घालत, आणि त्यांच्या पोटात हे होतं! शेजारी पाळीपाळीनं एकाच गाडीतून कामावर जात होते, तसं जाता यावं म्हणून एका म्हाताऱ्यानं भांडण झालेल्या शेजाऱ्याची माफी मागितली होती. मर्लचे डोळे भरून आले. पंपावर लावायच्या 'आज सम' लिहिलेल्या पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूवर तो एकेक निरोप नीट अक्षरात उतरवू लागला. दाढी अर्धीच राहिली, पंपही उघडायचा राहिला.

अकराला आणखी एक फोन आला.

"अध्यक्षांना एक सांगायचंय," आवाज म्हणाला.

मर्लची पेन्सिल थांबली. "सांगा."

"माझे वडील पंप चालवतात. त्यांनी नियम पाळला. मी त्यांना सगळ्यांदेखत वाटेल ते बोललो. चुकलं माझं."

"हा नंबर कुठं मिळाला तुम्हाला?"

"पेपरात. बघताक्षणी ओळखला. वीस वर्षं त्याच घरात राहिलोय. सकाळपासून लावतोय, एंगेजच!" जरा थांबून तो म्हणाला, "लिहून घेतलंत, साहेब?"

"घेतलं." पुठ्ठ्यावर त्यातलं एक अक्षरही उमटलं नव्हतं. "आता वरचा निरोप ऐका. दुपारी दोघं जेवायला या."

"टाकी कोरडी आहे, डॅड. आणि आज अठरा तारीख."

"म्हणजे सम."

"सम."

"मग पेट्रोल नाही मिळायचं," मर्ल म्हणाला.

त्यानं पुठ्ठा बाजूला सारला.

"जोअनला म्हणावं स्टिअरिंग धर," मर्ल म्हणाला. "आपण दोघं ढकलू. आलोच."

त्यानं रिसीव्हर ठेवला आणि तोंडाला साबण तसाच घेऊन तो दाराबाहेर पडला. मागं फोन पुन्हा खणखणला. वर्नानं डोळे पुसून तो उचलला.

"हॅलो, बोला," ती म्हणाली. "नाही, साहेब आत्ताच बाहेर गेलेत. गाडी ढकलायला."